व्हिसा लागत नाही

व्हिसा लागत नाही, एवढंच सुलक्षणानं फोनवर सांगितलेलं,
म्हणून सटुप्पाकाका निवांत आले, गुरुवारी दुपारी,
पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर.
उचगाव फाट्यावर माझं दुकान : झेरॉक्स, पहाणी, आधार, लाईट बिल.
केनियाचं काम पहिल्यांदाच.

"व्हिसा लागत नाही," मी म्हटलं, "पण परवानगी लागते."
"मग फरक काय गे?"
मला तो सांगता आला नाही.

नाव.
पासपोर्टावर एक, पहाणीवर कानडीत दुसरं,
शाळेच्या दाखल्यावर मास्तरांच्या लहरीनं तिसरं.
यंत्राला पहिलंच हवं. दोन टी, दोन पी.
जन्मगाव.
"मी जन्मलो तवा मुंबई राज्य होतं,
धावायला लागलो तवा म्हैसूर,
मिशी फुटली तवा कर्नाटक.
आणि मी तर कुठं गेलोच न्हाई."
पासपोर्टात छापलंय ते टाकलं, जुन्या स्पेलिंगचं बेळगाव.
देशासाठी लांब यादी उघडली. भारत.
त्यावर कुणाचंच भांडण नव्हतं.

फोटो. भिंतीला पांढरी चादर, टोपी काढा म्हटलं.
टोपीखालचं कपाळ वेगळ्याच रंगाचं निघालं,
कोवळं, न वापरलेलं.
सावली आहे म्हणून नाकारलं. चष्मा आहे म्हणून नाकारलं.
पुन्हा सावली.

मग तो प्रश्न :
गेल्या पाच वर्षांत कुठल्याही गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का?
मी मराठीत वाचून दाखवला
आणि बाण 'नाही'कडे नेला.
"थांब."
खुर्ची पुढं ओढली. सदऱ्याची वरची गुंडी लावली.
"एका पाटीवरनं उचललंवतं आम्हाला. सहाजण.
हिंडलग्यात अकरा दिवस. मग एकोणीस वर्षं तारखा.
साक्षीदार मेले, फौजदार रिटायर झाला,
आमच्यातलेबी दोघं गेले.
मग जज्ज म्हणाला, जावा.
लिही."
"काका, ती शिक्षा नव्हे. आणि हे पाच वर्षांतलंच विचारतंय."
"पाचच?"
"पाचच."
ते मागं टेकले,
अखेर कुणीतरी विचारलं म्हणून साक्षीला उभा राहिलेला माणूस
आणि कोर्ट भलतंच.
मी 'नाही' दाबलं. हिरवा ठिपका आला.

पैसे सुलक्षणाच्या कार्डावरनं. ओटीपी नैरोबीत वाजला.
जावई तिथल्या फौंड्रीत पाळीवर, उद्यमबागेतली विद्या घेऊन गेलेला,
ती बाळाला पाजत होती,
सहा आकडे इथं येईस्तोवर पान दोनदा मिटलं.
काका बाळाचं रडणं ऐकत होते, मी आकडे.

मंगळवारी मंजूर.
कागद त्यांनी हातभर लांब धरला.
"शिक्का कुठाय?"
"हा काळा चौकोन."
"ह्यात काय लिवलंय?"
"तुमचं सगळं."
"पाटीचं?"
"ते नाही."

दोन प्रती काढल्या, एक लॅमिनेट केली.
मशीनमधनं गरम बाहेर आली, ती फुंकत त्यांनी विचारलं,
"शिनोळीला बघायला मागतील काय हे?"

मी हसणार होते.
मग आठवलं, ते लॉकडाऊनचं वर्ष, बाचीच्या पुढं बॅरिकेड,
पलीकडं तुर्केवाडीत त्यांची हौसाक्का गेलेली,
आणि काका ह्याच खुर्चीत.
कारण : मृत्यू. नातं : बहीण.
अंतर मी अंदाजानं टाकलं होतं.
पास आला चौथ्या दिवशी,
तोवर तिकडं राख सावडून झाली होती.
त्याचे मी वीस रुपये घेतले होते.

"नाही काका, आता कोण मागत नाही."
"असू दे."
वरच्या खिशात तो मावेना.
दुमडला तर मोडेल म्हणून सदऱ्याच्या आत सरकवला,
पोटाशी,
आणि टोपी सारखी करून
चंदगडच्या गाडीला हात केला.